राजकीय देणगी: कुणाचं नाव झाकायचं आणि कुणाचं उघड करायचं

निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर पक्षांचे 'फॉर्म २४ए' असतात, बऱ्याचदा स्कॅन करून टाकलेले पीडीएफ, कुठे पान वाकडं तर कुठे अक्षर फिकं. देणगीदाराचं नाव आणि पूर्ण पत्ता, पॅन, रक्कम, पैसे चेकने आले की डीडीने की रोख, असे रकाने असतात. कुठला पक्ष कुणाच्या पैशावर चालतो हे सामान्य माणसाला कायद्याने कळायची मुख्य जागा हीच. आता यात बघा काय होतं. समजा एखाद्या निवृत्त शिक्षकाने आपल्या आवडत्या पक्षाला वर्षभरात २१ हजार रुपये दिले, तर त्याचं नाव आणि घरचा पत्ता या यादीत येतो, कुणीही घरबसल्या वाचू शकतं. आणि २०१८ ते २०२४ या सहा वर्षांत एखाद्या कंपनीने निवडणूक रोख्यांतून (बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायचे, नाव नसलेले रोखे) ५०० कोटी दिले असतील तर तिचं नाव या यादीत कुठेच नव्हतं. मला या सगळ्या विषयातली सगळ्यात चुकीची गोष्ट हीच वाटते. प्रायव्हसी ज्याला द्यायला पाहिजे होती त्याला मिळाली नाही, आणि ज्याला द्यायचं काही कारणच नव्हतं त्याला कायदा बदलून दिली.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात बघू. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मध्ये २००३ साली कलम २९सी आलं. एका आर्थिक वर्षात एकाच व्यक्तीकडून किंवा कंपनीकडून २० हजारांपेक्षा जास्त देणगी आली तर पक्षाच्या खजिनदाराने ती आयोगाला कळवायची, नाहीतर पक्षाची इन्कम टॅक्समधली सूट जाते. ही सूट म्हणजे साधीसुधी गोष्ट नाही बरं का, पक्षाला मिळणाऱ्या देणग्यांवर टॅक्सच लागत नाही. २०१७ पासून अजून एक अट आहे, एका देणगीदाराकडून दोन हजारांपेक्षा जास्त रोख घ्यायची नाही. कंपन्यांसाठी वेगळे नियम, सरकारी कंपनीने द्यायचं नाही, तीन वर्षांपेक्षा नव्या कंपनीने द्यायचं नाही, आणि जी देऊ शकते तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच द्यायचं आणि कुठल्या पक्षाला किती दिले हे आपल्या हिशेबात लिहायचं.

कंपन्यांच्या पैशाची ही धास्ती आजची नाही. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता आणि ते प्रकरण मुंबई हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती छागलांसमोर आलं. तेव्हा बंदी घालणारा कायदाच नव्हता म्हणून कोर्टाने परवानगी दिली, पण देताना छागलांनी स्पष्ट लिहून ठेवलं की हा धोका वाढत जाईल आणि एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळू शकेल, संसदेने याच्याकडे लक्ष द्यावं. पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरळ बंदी आली. तेवढ्याने कंपन्यांचा पैसा राजकारणात यायचा थांबला नाही, तो फक्त दिसेनासा झाला, आणि १९८५ मध्ये मर्यादा घालून देणगी पुन्हा सुरू केली. म्हणजे नुसती बंदी घालून भागत नाही हे आपण एकदा अनुभवलेलं आहे, म्हणूनच माझ्या मते बंदीपेक्षा नाव उघड करण्याची सक्ती जास्त महत्त्वाची.

आता निवडणूक रोखे. २०१७ च्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी घोषणा केली, जानेवारी २०१८ मध्ये योजना निघाली. स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत जायचं, केवायसी द्यायचं, एक हजार, दहा हजार, एक लाख, दहा लाख किंवा एक कोटीचा रोखा घ्यायचा आणि तो पक्षाला द्यायचा, पक्षाने १५ दिवसांच्या आत आपल्या खात्यात जमा करायचा. रोख्यावर घेणाऱ्याचं नाव नाही. त्याच वेळी फायनान्स अ‍ॅक्टमधून बाकीचे कायदेही बदलले, रोख्यातून आलेली देणगी फॉर्म २४ए मध्ये दाखवायची गरज नाही, कंपनीने कुठल्या पक्षाला दिले ते लिहायची गरज नाही, आणि साडेसात टक्क्यांची मर्यादाच काढून टाकली, त्यामुळे तोट्यातली कंपनीही हवे तेवढे देऊ शकत होती. रिझर्व्ह बँकेने आधीच हरकत घेतली होती, निवडणूक आयोगाने पण कायदा मंत्रालयाला लिहून कळवलं होतं की हे पारदर्शकतेच्या दृष्टीने मागे जाणारं पाऊल आहे. तरी योजना आली.

सरकारचं म्हणणं काय होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण ते अगदी पोकळ नव्हतं. ते म्हणायचे की देणगीदार नाव उघड व्हायला घाबरतो, एका पक्षाला दिलं की दुसरा पक्ष सत्तेत आल्यावर सूड घेतो, त्यामुळे लोक रोखीत काळा पैसा देतात, आपण त्यांना गुप्तता दिली तर तेच पैसे बँकेतून, टॅक्स भरलेले, येतील. सूडाची भीती खरी आहे, आपल्याकडे कुणीही धंदेवाला माणूस हे मान्य करेल. पण मग प्रश्न येतो की ही गुप्तता नेमकी कुणापासून होती? मला वाटतं सगळा विषय या एका प्रश्नावर उलगडतो.

देणगीदाराला माहीत असतं त्याने कुणाला दिलं. पक्षालाही कळू शकत होतं, कारण रोखा स्वतः नेऊन हातात द्यायला काहीच आडकाठी नव्हती, आणि कोटी-कोटीचे रोखे कुणी न सांगता पोस्टाच्या पेटीत टाकत नसतो. स्टेट बँकेकडे दोन्ही बाजूंचा हिशेब होता. योजनेतच लिहिलं होतं की कोर्टाने मागितलं किंवा गुन्हा नोंदवला गेला तर तपास यंत्रणेला माहिती मिळेल, आणि या यंत्रणा तर सरकारच्याच हाताखालच्या. मग राहिलं कोण? मतदार. आणि विरोधी पक्षाला देणारा जो देणगीदार सूडाला घाबरत होता, त्याला ज्यांच्यापासून खरी भीती होती त्यांच्यापासून या योजनेत पक्कं संरक्षण नव्हतंच.

यातला एक तपशील तर डोळे उघडणारा आहे. २०१८ मध्ये एका महिला पत्रकाराने हजार-हजाराचे रोखे विकत घेऊन लॅबमध्ये तपासले तेव्हा कळलं की साध्या डोळ्यांना न दिसणारा एक नंबर त्यावर छापलेला आहे, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली दिसतो, प्रत्येक रोख्याचा वेगळा. अर्थ मंत्रालयाने खुलासा केला की हा नंबर फक्त बनावट रोखे ओळखण्यासाठी आहे, स्टेट बँक तो घेणाऱ्याच्या किंवा पक्षाच्या नावापुढे नोंदवत नाही. सहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, सुप्रीम कोर्टाने दरडावल्यावर बँकेने जी यादी दिली तिच्यात घेणाऱ्याच्या नावापुढेही तो नंबर होता आणि पक्षाच्या नावापुढेही. म्हणजे कुणाचा रोखा कुणाकडे गेला हे जुळवता येत होतं, फक्त आपल्याला सांगितलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना आणि तिच्यासाठी कायद्यांत केलेले हे बदल एकमताने रद्द केले, म्हणून साडेसात टक्क्यांची मर्यादा पुन्हा लागू झाली. पीठात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, संजीव खन्ना, भूषण गवई, जे. बी. पारडीवाला आणि मनोज मिश्रा होते. याचिका एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) आणि कॉमन कॉज या स्वयंसेवी संस्था, माकप आणि काँग्रेसच्या जया ठाकूर यांच्या. बातम्यांत फक्त 'रोखे रद्द' एवढंच आलं, पण निकालातला प्रायव्हसीचा भाग जास्त वाचण्यासारखा आहे, कारण कोर्टाने देणगीदाराची प्रायव्हसी उडवून लावलेली नाही. उलट म्हटलं की माणसाचा राजकीय कल कुठे आहे ही त्याची खाजगी माहिती आहे, ती सरकारच्या हातात गेली तर विरोधी मत दाबायला, नोकरी नाकारायला वापरली जाऊ शकते, आणि छोटी देणगी हाही राजकीय मत व्यक्त करण्याचाच एक प्रकार आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरली, त्याचाच हा पुढचा धागा.

पण दुसऱ्या बाजूला मतदाराचाही मूलभूत हक्क आहे, माहितीचा. २००२ च्या निकालामुळे आपल्याला उमेदवाराची संपत्ती आणि त्याच्यावरचे गुन्हे कळायला लागले ते याच हक्कावर. दोन हक्क समोरासमोर आले तर काय करायचं? कोर्टाने दोन्ही तराजूत घालून पाहिले, कुठलाही एक हक्क गरजेपेक्षा जास्त कापला जातोय का असं दोन्ही बाजूंनी तपासलं, आणि म्हटलं की जुना २० हजारांचा नियमच बऱ्यापैकी समतोल साधतो, त्याखालचा छोटा देणगीदार झाकलेला राहतो आणि वरचा उघड होतो, मग मोठ्यालाही झाकायची गरज काय. कंपन्यांबद्दल तर निकाल अजून स्पष्ट आहे, कंपनीने दिलेली देणगी हा मतप्रदर्शनापेक्षा धंद्याचा व्यवहार असतो, बदल्यात काहीतरी मिळावं म्हणून केलेला. न्यायमूर्ती खन्नांनी वेगळं निकालपत्र लिहिलं, त्यात सूडाच्या मुद्द्याला उत्तर आहे, सूड घेणं हाच सत्तेचा गैरवापर आहे, तो थांबवायचा, त्याच्या भीतीने मतदाराची माहिती दडवायची नाही.

गणपतीच्या वर्गणीत कुणी नाव न सांगता पाच हजार दिले तर आपण हात जोडतो, कारण मंडळाकडे त्याला परत द्यायला प्रसादाशिवाय काही नसतं. पक्षाकडे मात्र टेंडर असतात, खाणीचे पट्टे असतात, लायसन्स असतात, कायद्यात एखादा शब्द बदलायची ताकद असते. त्यामुळे मोठ्या देणगीचं नाव मागणं म्हणजे कुणाच्या घरात डोकावणं नव्हे.

यादी बाहेर आली तेव्हाचे आकडे आठवून बघा. एप्रिल २०१९ ते फेब्रुवारी २०२४ या काळातले बावीस हजारांच्या वर रोखे, एकूण रक्कम बारा हजार कोटींच्या वर. पैशाच्या हिशेबात नव्वद टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम एक कोटीच्या रोख्यांतून आली होती, म्हणजे हजार रुपयांचा रोखा घेणारा सामान्य माणूस या योजनेत जवळपास नव्हताच. भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूलला १,६०० कोटींच्या वर, काँग्रेसला १,४०० कोटींच्या वर, तेलंगणातल्या बीआरएसला १,२०० कोटींच्या वर. सगळ्यात मोठी खरेदीदार लॉटरीच्या धंद्यातली फ्युचर गेमिंग, १,३६८ कोटी, त्यातले ५०९ कोटी आपल्याला मिळाल्याचं द्रमुकने स्वतःच आयोगाला कळवलं होतं. दुसरी हैदराबादची मेघा इंजिनीअरिंग, ९६६ कोटी, मोठी सरकारी कामं करणारी कंपनी. प्रत्येक रोखा म्हणजे लाच असं कुणीही म्हणू नये, ते सिद्ध झालेलं नाही, आणि खास तपास पथक नेमायची मागणी सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्य केली नाही. पण देणगीची तारीख, कंत्राटाची तारीख आणि छाप्याची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघायचा हक्क मतदाराला आहे, आणि सहा वर्षं तो नव्हता.

ही माहिती ठेवली कुठे होती तर मुंबईत. स्टेट बँकेने कोर्टाला सांगितलं की शाखाशाखांतून खरेदीदारांचे तपशील सीलबंद पाकिटांत मुंबईच्या मुख्य शाखेत आले, पक्षांनी वटवलेल्या रोख्यांचे तपशीलही वेगळे तिथेच आले, आता हे जुळवायला ३० जूनपर्यंत वेळ द्या. ३० जून म्हणजे लोकसभा निवडणूक होऊन गेल्यावर. कोर्टाने ११ मार्चला ती मागणी फेटाळली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत द्या म्हटलं, आणि माहिती खरंच दुसऱ्या दिवशी आली.

आता छोट्या माणसाच्या प्रायव्हसीकडे येतो, कारण पारदर्शकतेच्या बाजूने बोलणारे आपण लोक हा भाग पटकन उडवून पुढे जातो. अमेरिकेत १९५० च्या दशकात अलाबामा राज्याने काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेकडे सगळ्या सभासदांची यादी मागितली. ज्यांची नावं आधी बाहेर आली होती त्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, धमक्या आल्या होत्या. १९५८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की यादी द्यायची गरज नाही. त्याच देशात उमेदवाराला एका निवडणुकीसाठी २०० डॉलरपेक्षा जास्त दिले तर तुमचं नाव, नोकरी आणि मालक कोण हे सरकारी वेबसाइटवर शोधता येतं, न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या आपल्या मराठी लोकांनी देणगी दिली असेल तर त्यांचंही दिसतं (तिथे देणगी देता येते नागरिकाला आणि ग्रीन कार्डवाल्याला, एच-वन-बी वाल्याला नाही). या दोन गोष्टी एकत्र नांदतात कारण एकीत सरकार दुबळ्यांची यादी मागत होतं, दुसरीत लोक सत्तेत जाऊ पाहणाऱ्याचा हिशेब मागतात.

आपल्याकडे विचार करा, एखाद्या तालुक्याच्या गावात औषधाचं दुकान चालवणारा माणूस विरोधी पक्षाला २५ हजार देतो. त्याचं नाव आणि दुकानाचा पत्ता यादीत. उद्या आमदाराच्या माणसाने ती यादी काढली आणि ड्रग इन्स्पेक्टर दारात उभा राहिला तर तो माणूस काय करणार? त्याच्याकडे दिल्लीतला वकील नाही. २० हजारांचा आकडा २००३ चा आहे, तेव्हाचे २० हजार आणि आजचे २० हजार यात किती फरक पडला हे सांगायला नको, म्हणजे दरवर्षी जास्त जास्त छोटी माणसं या यादीत ओढली जातायत. मला वाटतं व्यक्तींसाठी ही मर्यादा वाढवली तरी चालेल, आणि घराचा पत्ता तर लोकांसमोर यायचं काहीच कारण नाही, गाव किंवा जिल्हा पुरे, पत्ता आणि पॅन आयोगाकडे राहू दे. कंपनीला मात्र एक रुपयाचीही सूट नको.

मर्यादा वाढवायला हरकत घेणारे म्हणतील की आधीच याचा गैरफायदा घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. मोठ्या रकमेचे वीस हजारांच्या आतले तुकडे करून वेगवेगळ्या नावांवर दाखवायचे हा जुना प्रकार आहे, आणि बहुजन समाज पक्षाने तर वर्षानुवर्षं हेच कळवलंय की आम्हाला २० हजारांच्या वरची एकही देणगी आली नाही. त्यांचं म्हणणं की आमचे समर्थक गरीब आहेत, थोडे थोडे देतात, आणि हे खरंही असू शकतं, पण बाहेरून तपासायला साधन नाही. दुसरा गैरप्रकार म्हणजे कागदावरचे छोटे पक्ष. पक्षाला देणगी दिली की इन्कम टॅक्स कायद्यानुसार पूर्ण रकमेवर टॅक्स वाचू शकतो, मग चेक द्यायचा आणि कमिशन कापून उरलेली रक्कम रोख परत घ्यायची. इन्कम टॅक्सने अशा पक्षांवर छापे घातले, आणि आयोगाने २०२५ मध्ये निवडणुका न लढवणारे शेकडो पक्ष यादीतून काढले. यावर उपाय नावं छापणं नाही, ऑडिट आहे. दोन वेगळे आजार आहेत, एकच गोळी दोन्हीला लागू पडत नाही.

रोखे गेल्यावर मोठा पैसा आता इलेक्टोरल ट्रस्टमधून जास्त येतोय. ही २०१३ ची योजना, कंपन्या ट्रस्टला देतात, ट्रस्टने वर्षभरातल्या देणग्यांतले किमान ९५ टक्के पक्षांना वाटायचे आणि दोन्ही याद्या जाहीर करायच्या. रोख्यांपेक्षा हे कितीतरी बरं, नावं तरी दिसतात. पण दहा कंपन्यांनी ट्रस्टला दिले आणि ट्रस्टने चार पक्षांना वाटले तर कुठल्या कंपनीचा पैसा कुठल्या पक्षाकडे गेला हे त्या कागदावरून ठामपणे सांगता येत नाही, आणि मतदाराला नेमकं तेच हवं असतं.

आणि सगळ्यात मोठी अडचण आहे वेळेची, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कलम २९सी म्हणतं की देणग्यांचा अहवाल त्या वर्षाचं इन्कम टॅक्स रिटर्न भरायच्या मुदतीआधी द्यायचा, म्हणजे साधारण ऑक्टोबर अखेर. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान झालं २० नोव्हेंबर २०२४ ला. त्याआधीच्या महिन्यात कुणी कुठल्या पक्षाला किती कोटी दिले हे कळवायची मुळातली मुदत होती ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी, सरकार येऊन, मंत्रिमंडळ बसून, पहिलं बजेट होऊन गेल्यावर. लोकसभेच्या वेळी एप्रिल २०२४ मध्ये दिलेल्या पैशाचीही तीच मुदत, म्हणजे दीड वर्ष. अमेरिकेत उमेदवाराला मतदानाआधीच्या शेवटच्या वीस दिवसांत हजार डॉलर किंवा त्याहून जास्त आले तर ४८ तासांत कळवावं लागतं. आपल्याकडे प्रत्येक पक्षाचं बँक खातं आहे, मोठ्या रकमेची नोंद त्याच दिवशी होते, मग मतदानाआधी किमान एक कोटीच्या वरच्या देणग्या तरी जाहीर करायला तांत्रिक अडचण कसली?

यातला पत्त्याचा रकाना बदलायला संसदेत जायची पण गरज नाही, फॉर्म २४ए हा निवडणूक संचालन नियमांचा भाग आहे आणि ते नियम केंद्र सरकार आयोगाशी सल्लामसलत करून बदलू शकतं. मुदत मात्र थेट कायद्याच्या कलमात लिहिलेली आहे, तिच्यासाठी २९सी मध्येच दुरुस्ती लागेल, आणि ती करायची आहे त्याच पक्षांच्या खासदारांनी ज्यांच्या खजिनदारांना तो फॉर्म भरावा लागतो. त्यामुळे पुढच्या वेळी तुमचा खासदार मत मागायला दारात आला तर त्याला या एका कलमाचं नाव घेऊन विचारा, मतदानाआधी देणगीदारांची यादी देणार का.